सातव्या ग्रीनवरची दूर्वा

आमच्या घोडपदेवच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राणेबाई राहतात. त्यांचा जावई एकदा त्याच्या साहेबांबरोबर गोल्फ खेळायला गेला आणि परत आल्यावर त्याने फीचा आकडा सांगितला. तेव्हापासून राणेबाई मला जिन्यात गाठतात. "काय गं, तू तिथेच होतीस ना इतकी वर्षं? एका सकाळचे एवढे पैसे? त्या गवतात सोनं उगवतं काय?" मी हसते आणि भाजीची पिशवी सावरून वर जाते. मला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. घरी येऊन चहा टाकला की सुचतं. म्हणून हे वहीत लिहिते आहे. चाळीच्या दिवाळी अंकासाठी मागितलंय खरं, पण द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघेन.

मी सव्वीस वर्षं एका गोल्फ क्लबात गवत वेचलं. दगड वेचतात, तांदूळ निवडतात, तसं गवतातून गवत वेचायचं.

ज्यांनी हे मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गोल्फच्या मैदानाचे अठरा भाग असतात. प्रत्येक भागाच्या शेवटी एक गुळगुळीत हिरवा तुकडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. त्यात वाटीएवढं भोक, म्हणजे होल. लांबून बॉल मारत आणायचा आणि कमीत कमी फटक्यांत त्या होलात घालायचा, एवढाच खेळ. बाहेरच्या माणसाला खेळायचं तर कुणा सभासदाबरोबर यावं लागतं आणि एका फेरीची फी भरावी लागते. तिला ग्रीन फी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे गवताचे पैसे. पुढे कळलं की मी फार चुकले नव्हते.

ग्रीनवरचं गवत तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं उंच ठेवतात. रोज कापतात. त्यात दुसऱ्या जातीची एक काडी आली तरी बॉल तिथे अडखळतो. ती काडी शोधणं हे आम्हा बायकांचं काम. चपला कडेला काढायच्या, ओळीने उकिडवं बसायचं आणि बारीक सुरीने मुळासकट काढत पुढे सरकायचं. पण त्याआधी पहाटेचं दव झाडायचं. एक लांब लवचिक बांबू घेऊन तो गवतावरून डावीकडून उजवीकडे फिरवायचा. दव उडतं आणि सूर्य खाली असला तर त्या उडालेल्या पाण्यात क्षणभर इंद्रधनुष्य दिसतं. पहिल्या दिवशी ते पाहून मी बांबू हातात धरून तशीच उभी राहिले होते. शेजारची शालू ओरडली, "अगं ए, देऊळ नाही हे! हात चालव!" पण मला ते देऊळच वाटलं. सव्वीस वर्षांनंतरही वाटायचं.

कामाचे नियम दोनच. खेळणारे आले की ग्रीनवरून उतरून कडेला बसायचं, बोलायचं नाही. आणि बॉलच्या वाटेवर आपली सावली पडू द्यायची नाही. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला याहून बरं काम कुठे मिळणार? मी इतक्या वर्षांत एकाही खेळणाऱ्याशी आपणहून बोलले नाही. त्याचा मला अभिमानही होता. आता तेवढा नाही, का ते पुढे येईल.

कडेला बसून माणसं पुष्कळ दिसतात. एक शेठ दर रविवारी तीन-तीन पाहुणे आणायचे, सगळ्यांची फी स्वतः भरायचे आणि पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत फोनवर बोलायचे. एकदा त्यांचा बॉल कावळ्याने उचलून नेला. शेठनी फोनवरच्या माणसाला सांगितलं, "एक मिनिट, कावळा माल घेऊन गेला," आणि पुन्हा बोलायला लागले. एक म्हाताऱ्या पारशी बाई मात्र ग्रीनवर आल्या की बूट काढायच्या, मोजे काढायच्या आणि अनवाणी चालत होलपर्यंत जायच्या. त्या बॉल मारायला यायच्या की चालायला, मला कधी कळलं नाही. दोघांची फी सारखीच.

आता दूर्वेचं सांगते.

ग्रीनवरचं ते महागडं गवत म्हणजे आपल्या दूर्वेची धाकटी बहीण. दिसायला नाजूक, पण घर एकच. आणि त्या ग्रीनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली साधी गावठी दूर्वा. ती जमिनीखालून धावत येते आणि आत शिरते. आम्हाला ती काढून गोणीत भरावी लागायची आणि गोणी जायची कचऱ्यात. मी हे एकदा घरी बोलले. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या, शंभर जणांत उठून दिसेल असा आवाज. म्हणाल्या, "गणपतीची दूर्वा ती. कचऱ्यात टाकूक तुझो हात कसो धजता गो?"

माझा हात मग खरंच धजेना. आम्ही सगळ्याच बायका काढलेली दूर्वा आधी कपाळाला लावायचो आणि मग गोणीत टाकायचो. पेरेरासाहेब लांबून बघायचे. मैदानाची सगळी जबाबदारी त्यांची. माझगावचे, जुन्या मुंबईतले ख्रिश्चन, आमच्याएवढंच मराठी बोलायचे. हसून म्हणायचे, "बायानो, नमस्कार करा, पण मुळासकट काढा."

सासूबाई गेल्या त्या वर्षी श्रावणात मी एक गोष्ट केली. सातव्या ग्रीनच्या पलीकडे एक जुनं भेंडीचं झाड आहे, भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचा मोठा वृक्ष. काढलेल्यातली चांगली मुळं निवडली आणि त्या झाडाखाली ओळीने लावली. कुणी बघत नव्हतं. गणपतीत लांब, तीन पानांची, स्वच्छ दूर्वा मिळाली. चाळीतल्या नऊ घरांना जुड्या दिल्या. राणेबाईंनासुद्धा. त्या म्हणाल्या, "बाजारात अशी मिळत नाही हो." मला फार बरं वाटलं.

गवत वेचणाऱ्या बाईने हे करावं? दूर्वा कशी धावते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण देवाच्या नावाने लावली म्हणून ती जागेवर राहील असं मी मनात धरून बसले होते.

दसरा झाल्यावर एका सकाळी मी सातव्या ग्रीनवर चालत होते. झाडाच्या बाजूला माझ्या उजव्या तळव्याला काहीतरी जाड लागलं. वाकून पाहिलं तर डोळ्यांना काही दिसेना. रोज कापलं जात असल्यामुळे रंग सारखा, उंची सारखी. पण तळव्याला कळत होतं. पोळपाटाएवढ्या जागेत माझी दूर्वा आत आली होती. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, रोज थोडी थोडी काढेन, कुणाला कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पेडणेकरकाका आले.

आम्ही सातव्या ग्रीनवर दव झाडत होतो, खेळ अजून सुरू व्हायचा होता. उन्हं नुकती आली होती. एक सत्तरीचे गृहस्थ ग्रीनच्या कडेला येऊन उभे राहिले. इस्त्रीची पांढरी पँट, पांढरे बूट, दोन्ही नवे. शालूने मला कोपर मारलं. "नवरदेव आला बघ."

ते म्हणाले, "बाई, मी जरा हात लावला तर चालेल?"

"कशाला?" शालूने विचारलं.

"गवताला."

शालू खळखळून हसली. "लावा की काका. फी भरलीय ना?"

"भरलीय. माझी मी भरलीय," ते म्हणाले. मग गुडघे टेकून बसले आणि तळहात ग्रीनवर ठेवला. लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. किती तरी वेळ उचलला नाही. पँटला ओल लागली तरी उठले नाहीत. मी बांबू थांबवला. मला वाटलं, या गवताला मी रोज हात लावते, पण असा कधी लावला नाही.

मग त्यांनीच सांगितलं. गिरगावात त्यांची एवढीशी खोली होती, तिथे ते गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायचे. मूठ बदलायची, दांडा सरळ करायचा, वजन जुळवायचं. याच क्लबातल्या काठ्या चाळीस वर्षं त्यांच्याकडे जायच्या. पण फाटकाच्या आत ते आले होते ते फक्त काठ्या पोचवायला. खेळायला म्हणून आज पहिल्यांदा. एक वकीलसाहेब त्यांना पाहुणा म्हणून घेऊन आले होते आणि फीही तेच भरणार होते, पण काकांनी ऐकलं नाही.

"बायको म्हणाली, एवढ्यात सोफा आला असता," काका म्हणाले. "मी म्हटलं, सोफ्यावर बसून काय करू, याचाच विचार करू?"

"मग आज जिंकणार का?" शालू.

"छे हो! जिंकतोय कसला. मी घराच्या गॅलरीत शिकलेला माणूस." त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक पार करायचाय. अठरा होलांत एक. मग मेलो तरी चालेल."

प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं. तेवढ्याच फटक्यांत बॉल आत घातला की पार. रोज खेळणाऱ्यांना त्याचं काही नसतं. सत्तरीत पहिल्यांदा खेळणाऱ्याने एक पार करायचा म्हणजे चमत्कार.

तेवढ्यात हेडमाळी गावकर होल पाडायला आले. होलची जागा रोज बदलतात, हे बाहेर कुणाला माहीत नसतं. एक लोखंडी नळी जमिनीत दाबून मातीचा उभा गोळा गवतासकट बाहेर काढायचा आणि तोच गोळा कालच्या होलात बसवायचा. दहा मिनिटांनी काल होल कुठे होतं ते ओळखू येत नाही. काका डोळे मोठे करून बघत होते. गावकर त्यांना दुकानापासून ओळखत होते. म्हणाले, "काका, सातवा सगळ्यात छोटा होल आहे. तीन फटक्यांचा. तुमचा पार व्हायचा तर इथेच होईल. थांबा, तुमच्यासाठी सोप्या जागी देतो." आणि चालत भेंडीच्या झाडाच्या बाजूला गेले. ती बाजू सपाट. त्यांनी नळी टेकवली ती माझ्या दूर्वेपासून दीड हातावर.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. "गावकरकाका, तिथे नको," एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते विचारणार, का नको? आणि शालूला, पेरेरासाहेबांना, सगळ्यांना कळणार. माती बाहेर आली. मी तोंड मिटलं.

काका सातव्या होलला पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. आम्ही कडेला बसलो होतो. त्यांच्या कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोराने, हळूच आम्हाला बोटांनी खूण केली: आतापर्यंत सगळं वाईट. काकांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत मातीची झाली होती. पण चेहरा असा उजळलेला, की मी दुसरीकडे बघूच शकले नाही.

त्यांनी लांबून पहिला फटका मारला. बॉल उंच गेला, इतका उंच की मला तो आकाशात सापडेना, आणि मग टप्पकन ग्रीनवर येऊन पडला. वकीलसाहेब ओरडले, "पेडणेकर! अहो, ग्रीनवर!" काका धावत आले. सत्तरीचा माणूस धावत आला! दुसरा फटका बरा गेला, होलपासून तीन हातांवर थांबला. आता एकच. तीन हात. गॅलरीतलं अंतर.

बॉल आणि होल यांच्या मधोमध माझी दूर्वा होती.

ते खाली बसले, बॉल आणि होल एका रेषेत पाहिले, उठले, पुन्हा बसले. शालूने माझा हात धरला होता. मी गणपतीचं नाव घ्यायला गेले आणि लाज वाटली, कारण त्याच्याच नावाने लावलेली ती.

काकांनी काठी मागे नेली आणि पुढे आणली. मी सव्वीस वर्षांत हजारो बॉल पाहिले. इतका स्वच्छ बॉल पाहिला नव्हता. ओळंबा सोडावा तसा सरळ निघाला. माझ्या दूर्वेवर आला, किंचित अडखळला, डावीकडे झुकला आणि होलच्या कडेवर जाऊन थांबला. आत डोकावत थांबला. पडला नाही.

काका होलपाशी जाऊन वाकले. मग हसले आणि स्वतःच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "शेवटी मनगट वळलं. चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, मनगट वळवू नका." वकीलसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चौथ्या फटक्याने बॉल आत गेला. ते जाताना आमच्याकडे वळून म्हणाले, "येतो हं, बायांनो. गवत फार सुंदर ठेवलंय तुम्ही."

पुढच्या अकरा होलांत पार झाला नाही, हे दुपारी कॅडीने सांगितलं.

पेरेरासाहेब लगेच आले. तो बॉल त्यांनी लांबून पाहिला होता. ग्रीनवर बोटं फिरवली, मागोवा घेत झाडाखाली गेले आणि आम्हाला बोलावलं. "ही वाऱ्याने नाही आली गो. ओळीत लावलीय. कोणी?" शालू आभाळाकडे बघायला लागली. मी हात वर केला. शाळेत करतात तसा. त्यांनी बोटांची माती झटकली. मग म्हणाले, "तू? तू तर माझी सगळ्यात चांगली." ते शब्द शिवीपेक्षा जास्त लागले. त्यांनी मला काढलं नाही. तो तुकडा माझ्याच हातांनी कापायला लावला, नवं गवत बसवायला लावलं आणि झाडाखालची ओळ उपटायला लावली. वर म्हणाले, "देवाची लावायची तर शेडच्या मागे कुंडीत लाव. कुंडीतून धावणार नाही." ते प्रकरण तिथे मिटलं.

माझं नाही मिटलं. त्या माणसाने सोफा सोडून एक सकाळ विकत घेतली होती. त्या सकाळी त्याला एकच गोष्ट हवी होती, ती मी अडवली, आणि दोष तो आपल्या मनगटाला देत घरी गेला. मनगट ही त्याची चाळीस वर्षांची कमाई. मला सांगता आलं असतं. तो समोर उभा होता. मी नियम पाळला, बोलले नाही.

पुढच्या गणपतीच्या आदल्या दिवशी मी गावकरांकडून पत्ता घेतला आणि कुंडीतल्या दूर्वेच्या एकवीस काड्यांची जुडी बांधून गिरगावात गेले. वाडीत शिरल्यावर दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा जिना चढले. गॅलरीतच काका दिसले. फरशीवर स्टीलची वाटी आडवी ठेवलेली, हातात काठी, आणि तीन हातांवरून बॉल मारत होते.

काकू दारात होत्या. मी क्लबातली म्हटल्यावर म्हणाल्या, "या, या, बघा खेळ! दहा महिने झाले, हेच. सातवा होल म्हणे. माझी आमटीची वाटी गेली त्यात. पाहुणे आले की कपातून आमटी देते मी."

काका ओळखून हसले. "तुम्ही गवतवाल्या ना? बसा. चहा टाक गं." मग जरा ओशाळून म्हणाले, "मनगट दुरुस्त करतोय. वळतं हो शेवटी."

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्यानेच सांगितलं. भेंडीचं झाड, ओळीने लावलेली दूर्वा, तळव्याला लागलेला तुकडा, गावकरांनी नळी टेकवली तेव्हा मिटलेलं तोंड. एका दमात. शेवटी म्हटलं, "काका, तुमच्या हातून चुकला नाही तो. माझ्या हातून चुकला."

खालून कुणाच्या तरी मखराला खिळे ठोकण्याचा आवाज येत होता. काका चिडतील असं मला वाटलं. चिडावं असंही वाटलं.

ते म्हणाले, "थांबा. तुम्ही कुठे बसला होतात?"

"होलच्या मागे. समोरच."

"म्हणजे तुम्हाला रेषा दिसत होती."

"हो."

"आणि दूर्वेपर्यंत?"

"सरळ," मी म्हटलं. "अगदी सरळ, काका. मी असा बॉल पाहिला नाही."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग आत बघून हाक मारली. "ऐकलंस का? सरळ मारला होता मी."

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

"सगळे विचारायचे, पैसे वाया गेले ना? मी सांगायचो, त्या गवताला हात लावला तेव्हाच वसूल झाले. पण थोडं खोटं बोलत होतो," ते मला म्हणाले. डोळे भरले होते. "आता नाही."

काकू बाहेर आल्या, वाकल्या आणि फरशीवरची वाटी उचलली. त्यांनी ती पदराने पुसली, मोरीत धुतली, तिच्यात पाणी घेतलं आणि माझ्या हातातली जुडी घेऊन तिच्यात उभी ठेवली.